कोकणी घर आणि उन्हाळा

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर मे महिन्यातील सरासरी कमाल तपमान सु. ३२° ते ३३° से. म्हणजे नागपूरपेक्षा सु. ९° ते १०° ने कमी असते. तथापि हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि उकाडा अधिक जाणवतो. विदर्भातील कोरड्या हवेत वाळ्याचे पडदे भिजवून घर गार ठेवता येते. दमट हवेत बाष्पीभवन मंद होत असल्याने कोकणात हा उपाय फारसा उपयोगी पडत नाही. सावली आणि खेळता वारा हीच येथील गारव्याची मुख्य साधने होत.

शिवाय याच घराला पावसाळ्यात ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस झेलावा लागतो. त्यामुळे उतरते छप्पर व खूप खाली आणलेली वळचण ही येथील घराची खूण ठरली. ती पावसाप्रमाणेच उन्हालाही भिंतीपासून दूर ठेवते. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असत. खाणीतून काढताना मऊ असणारा हा सच्छिद्र दगड हवेत कठीण होतो. त्याच्या जाड भिंतीतून उष्णता सावकाश आत येते. ओटी व पडवी यांच्या आड असलेले माजघर सर्वांत थंड, पण अंधारे. गारव्यासाठी उजेडाचा त्याग करावा लागे. छपराखालच्या माळ्यावर तापलेली हवा साठे व कौलांच्या फटींतून निघून जाई. शेणाने सारवलेले अंगण पावसाळा सरल्यावर माडाच्या झापांच्या मांडवाखाली येई व पावसापूर्वी मांडव उतरला जाई.

खरा बदल छपरात झाला. गवताचे छप्पर थंड, पण आगीला सहज बळी पडणारे. त्याच्या जागी नळीची कौले आली. ती दर उन्हाळ्यात शाकारावी लागत. बाझेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले हळूहळू कोकणात रूढ झाली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी रत्नागिरीत बांधलेला व १९१० मध्ये पूर्ण झालेला राजवाडाही जांभ्याचा व उतरत्या छपरांचाच आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काँक्रीटच्या सपाट छपराचा प्रसार झाला. त्याची कारणे केवळ हौसेची नव्हती. वानरे कौले फोडतात, लाकूड महागले, आणि घरातील कर्ती माणसे मुंबईस गेल्याने छपराची वार्षिक डागडुजी कोणी करावी, हा प्रश्न उरला. बंद घराला काँक्रीट सोयीचे वाटले. मात्र ते दिवसभर उष्णता साठवून रात्री खोलीत सोडते, म्हणजे नेमके वारा मंदावतो त्या वेळी. सपाट छपराला गळतीही लागते. त्यामुळे अनेक ठिकाणी त्यावर खांब उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घातलेले दिसते. या दोन छपरांमधील मोकळ्या जागेतून वारा वाहतो आणि जुन्या माळ्याचे काम काही अंशी साधले जाते.