चित्रे काढणाऱ्या यंत्रांचे जतन

जुनी नाणी, ताम्रपट, चर्चमधील जुन्या नोंदवह्या यांचे जतन करणारी मंडळी आपल्या परिचयाची आहेत. जुने संगणक जमविणाऱ्यांचा मार्ग त्यांच्याहून बिकट आहे. नाणे कपाटात ठेवले तरी नाणेच राहते. पण चित्रे रेखाटण्यासाठी घडविलेला संगणक बंद पडला की उरतो तो निव्वळ एक रंगीत डबा.

सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीची यंत्रे पाहा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जिम क्लार्क यांनी काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन १९८२ साली ही कंपनी काढली. ‘जॉमेट्री इंजिन’ नावाची चिप हे त्यांचे खरे भांडवल. वस्तू फिरली किंवा दूर गेली की तिच्या प्रत्येक बिंदूची जागा नव्याने मोजावी लागते. हे गणित मुख्य प्रोसेसरकडून काढून या चिपकडे सोपविल्यामुळे घनाकृती पडद्यावर सहज हलू लागल्या. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटातील संगणकनिर्मित डायनोसॉर याच कंपनीच्या यंत्रांवर घडले. पुढे साध्या संगणकांतच स्वस्त ग्राफिक्स कार्डे बसू लागली, आणि २००९ साली कंपनीचे दिवाळे निघाले.

मोठ्या संग्रहालयांचा तरी भरवसा धरावा काय? मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी सिॲटल येथे जुनी यंत्रे चालू स्थितीत ठेवणारे संग्रहालय २०१२ साली लोकांना खुले केले. ॲलन २०१८ साली वारले, २०२० साली दारे बंद झाली, आणि २०२४ साली संग्रहातील वस्तू लिलावात निघाल्या. तेव्हा भार पडतो तो घरगुती संग्राहकांवरच.

त्यांचा शत्रू यंत्राच्या पोटातच दडलेला असतो. १९९३ सालच्या ‘इंडी’ या निळ्या यंत्रात घड्याळ सांभाळणारी एक चिप आहे. तिची बॅटरी तिच्या कवचातच कायमची बंद केलेली. बॅटरी संपली की यंत्र वेळ विसरते, इतकेच नव्हे तर नेटवर्कवरील स्वतःचा पत्ताही विसरते. मग संग्राहक ते कवच जपून घासतात, आतली जोडणी उघडी करतात आणि बाहेरून नवी बॅटरी लावतात. पुराणवस्तूला असे घासणे काहींना पाप वाटेल. मला मात्र त्यात गैर दिसत नाही. विसरलेला पत्ता यंत्राच्या पाठीवरील लेबलावर छापलेला असतो. तो पाहून पुन्हा भरावा लागतो. म्हणूनच जाणकार माणूस जुने यंत्र पुसताना त्या मळक्या लेबलाला हात लावीत नाही.