गोल्फमधील हँडिकॅप
असमान कौशल्याच्या खेळाडूंना बरोबरीने स्पर्धा करता यावी, यासाठी दुर्बल खेळाडूस दिली जाणारी टोल्यांची सवलत. प्रत्यक्ष टोल्यांतून ती वजा केली, की निव्वळ धावसंख्येसारखा ‘नेट’ आकडा मिळतो. हा प्रश्न जुना आहे. एडिंबरो येथील टॉमस किंकेड याने १६८७ मधील आपल्या रोजनिशीत, विषम खेळाडूंमध्ये खेळ समतोल करावा की पैजेची रक्कम कमीजास्त करावी, याचा ऊहापोह केला आहे.

पुढे दीर्घकाळ खेळाडू परस्परांचे बलाबल पाहून सवलत ठरवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लबांची संख्या वाढली व एका क्लबातील हँडिकॅप दुसऱ्या क्लबात कितपत ग्राह्य धरावा, हा वाद उद्‌भवला. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील लेडीज गोल्फ युनियनने इसेट पिअर्सन हिच्या पुढाकाराने सर्व क्लबांना समान अशी पद्धती घडविली. अमेरिकेत लेटन कॅल्किन्स याच्या योजनेवर आधारलेली पद्धती १९११ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वीकारण्यात आली.

तथापि एक उणीव राहिली. तळी, वाळूचे खड्डे व दाट गवत निष्णात खेळाडूस फारसे अडवीत नाहीत. सामान्य खेळाडूचे मात्र त्यांपायी अनेक टोले वाया जातात. म्हणून निष्णातास सारख्याच अवघड वाटणाऱ्या दोन मैदानांवर सामान्य खेळाडूस सारखीच सवलत देणे अन्यायाचे ठरे. यावर डीन क्नूथ व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्लोप’ हा अंक सुचविला. १९८७ पासून अमेरिकेत त्याचा प्रसार झाला. जमिनीच्या उताराशी त्याचा संबंध नाही. निष्णाताच्या तुलनेत सामान्य खेळाडूस मैदान किती अधिक जड जाते, हे तो दर्शवितो. त्याची मर्यादा ५५ ते १५५ असून ११३ हे प्रमाण मानतात.

२०२० मध्ये जगातील सहा पद्धतींचे एकीकरण होऊन जागतिक हँडिकॅप पद्धती अंमलात आली. तीत खेळाडूच्या अलीकडील २० डावांपैकी सर्वोत्तम ८ डावांच्या फरकांच्या सरासरीवरून निर्देशांक काढतात. निर्देशांकास मैदानाच्या स्लोपने गुणून ११३ ने भागतात व त्यात मैदानाचे मानांकन आणि ‘पार’ यांतील फरक मिळवितात. उदा., निर्देशांक १८, स्लोप १३०, मानांकन ७१·४ व पार ७२ असल्यास २०·७ मधून ०·६ वजा होऊन त्या मैदानाचा हँडिकॅप २० येतो. स्लोप १००, मानांकन ६८·९ व पार ७१ असलेल्या सोप्या मैदानावर त्याच खेळाडूस केवळ १४ टोल्यांची सवलत मिळते.

निर्देशांक सर्वोत्तम डावांवर आधारलेला असल्याने तो खेळाडूची सरासरी नव्हे, तर त्याची क्षमता दर्शवितो. मात्र खेळाडूने चांगल्या-वाईट सर्व डावांची प्रामाणिक नोंद केली, तरच या गणिताने साधलेली समता खरी ठरते.