वृत्तपत्रांचे वितरण : टपालाच्या थैलीतून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर

वृत्तपत्रे लिहिणाऱ्यांविषयी आणि छापणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. छापलेला अंक वाचकाच्या दारापर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेविषयी मात्र फार थोडे लिहिले जाते. गेल्या तीस वर्षांत सर्वांत मोठा बदल झाला तो याच मधल्या टप्प्यात. ख्रिस्ती नियतकालिके प्रामुख्याने वर्गणीवर व टपालावर जगत आली असल्याने या बदलाची झळ त्यांना अधिक लागली. तो बदल कसा घडला, त्यात काय मिळाले व काय हातचे गेले, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

वर्गणीदारांची यादी

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ साली तेव्हाच्या अहमदनगरहून सुरू झाले. पुढे पुण्याचे बिशप झालेले जेझुइट धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मासिक काढले. निरोप्या म्हणजे निरोप घेऊन जाणारा. मासिकाच्या नावातच वितरणाचे काम सांगितलेले आहे. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाने, विशेषतः फादर फ्रान्सिस दिब्रिटो संपादक असतानाच्या काळात (१९८३ ते २००७), ख्रिस्ती समाजाबाहेरचाही मराठी वाचक जोडला.

अशा नियतकालिकांचा कणा म्हणजे वर्गणीदारांची यादी. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने 'नोंदणीकृत वृत्तपत्र' म्हणून सवलत देताना दोन गोष्टी मागितल्या होत्या : अंक एकतीस दिवसांहून अधिक अंतराने निघू नये आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी असावी. या सवलतीमुळे पन्नास ग्रॅमपर्यंतची एक प्रत बरीच वर्षे केवळ २५ पैशांत देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात जात असे. अंक छापून आला की घड्या घालायच्या, वेष्टनावर पत्ते चिकटवायचे, गावांनुसार गठ्ठे बांधायचे आणि नेमून दिलेल्या दिवशी नेमून दिलेल्या टपाल कार्यालयात ते द्यायचे, हा क्रम छोट्या मासिकांच्या कचेऱ्यांत दरमहा चाले. वर्गणी संपत आल्याचा शेरा त्याच वेष्टनावर येई. कोण वाचतो, कोठे राहतो, कोणाचे निधन झाले, कोणत्या घरातील मुलगा नोकरीसाठी आखाती देशात गेला, हे संपादकाला यादीवरून कळत असे.

दैनिकांची तऱ्हा वेगळी होती. ती छापखान्यातून पहाटे निघून अभिकर्ते व विक्रेते यांच्या हातून घरोघर जात. वाचकाचा पत्ता दैनिकाच्या मालकाला ठाऊक नसे, तो पेपर टाकणाऱ्या मुलाला ठाऊक असे.

रोममधील स्थित्यंतर

पवित्र पीठाचे दैनिक 'लोस्सेरवातोरे रोमानो' १ जुलै १८६१ रोजी सुरू झाले. हे सायंदैनिक असून त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख असे. रोमबाहेरच्या जगासाठी पुढे त्याच्या भाषावार आवृत्त्या निघाल्या. इंग्रजी साप्ताहिक आवृत्ती १९६८ मध्ये आली आणि मल्याळम आवृत्ती २००८ मध्ये केरळातून छापली जाऊ लागली. मराठी आवृत्ती कधी निघाली नाही. पोपमहोदयांचे विचार मराठी भाविकांपर्यंत पोहोचले ते इंग्रजीवरून भाषांतर करणाऱ्या आपल्या मासिकांमुळे. त्यामुळे आपल्याकडे वितरणाचा अर्थ टपालखर्च एवढाच कधी नव्हता, भाषांतरही त्यात आले.

इंटरनेटवर व्हॅटिकनने पुष्कळ लवकर पाऊल टाकले. १९९५ च्या नाताळात पोप जॉन पॉल दुसरे यांच्या नाताळ संदेशासह व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले. १९९७ साली ते विस्तारले तेव्हा त्याच्या तीन संगणकांना राफाएल, मिखाएल व गाब्रिएल या देवदूतांची नावे देण्यात आली होती. ज्यांचे काम निरोप पोहोचवण्याचे, त्यांचीच नावे! २२ नोव्हेंबर २००१ रोजी पोपमहोदयांनी ओशियानियातील ख्रिस्तसभेसाठीचा आपला दस्तऐवज क्लेमेंटाइन दालनातून संगणकाची कळ दाबून पाठवला. तेथील बेटे इतकी दूरदूर विखुरलेली आहेत की, छापील प्रती पोहोचायला किती काळ गेला असता याची कल्पना सहज करता येते.

तरीही छापील दैनिक चालूच राहिले. ते थांबले मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीमुळे. अंक संगणकावर तयार होत राहिला. कागदावर मात्र पोपमहोदयांसारख्या मोजक्या वाचकांपुरत्या प्रती निघत. ४ ऑक्टोबर २०२० रोजी छपाई पुन्हा सुरू झाली आणि 'फ्रातेल्ली तुत्ती' हे परिपत्र असलेला अंक संत पेत्राच्या चौकात लोकांना वाटण्यात आला. २९ जून २०२२ पासून त्याच दैनिकाने बेघर व गरीब लोकांच्या सहभागाने एक मासिक पत्र सुरू केले. रविवारच्या देवदूताच्या प्रार्थनेच्या वेळी तेच लोक हे पत्र चौकात लोकांच्या हाती देतात. सर्व काही पडद्यावर उपलब्ध असतानाही हाताने हाती देण्याची ही रीत रोमला आवश्यक वाटली, याची नोंद घ्यावी असे आम्हाला वाटते.

टपालाचा उशीर आणि मराठीची अडचण

टपालावर अवलंबून असलेल्या पत्रांचे दुखणे अमेरिकेत आधी उघड झाले. १९०८ साली स्थापन झालेले 'ख्रिश्चन सायन्स मॉनिटर' हे दैनिक मुख्यतः टपालाने जाई, म्हणजे कालची बातमी उद्या मिळे. १९७० च्या सुमारास दोन लाखांवर असलेला त्याचा खप २००८ पर्यंत सुमारे पन्नास हजारांवर आला. मार्च २००९ मध्ये त्याने रोजची छपाई बंद केली, बातम्या इंटरनेटवर नेल्या आणि वर्गणीदारांसाठी छापील साप्ताहिक ठेवले. 'न्यूजवीक'ने २०१२ च्या अखेरीस छापील अंक थांबवला व मार्च २०१४ मध्ये तो पुन्हा आणला. सारांश, हा प्रवास सर्वत्र एकाच दिशेने झालेला नाही.

मराठी नियतकालिकांपुढे एक वेगळीच अडचण होती, ती अक्षरांची. १९९० नंतर जुळणी संगणकावर होऊ लागली, पण ती 'श्रीलिपी' किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम' यांसारख्या प्रणालींतील फॉन्टवर. प्रत्येकाची सांकेतिक रचना निराळी. पडद्यावर 'प्रभू' दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची सरमिसळ असे. तोच मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर गेला की अर्थहीन रेघोट्या उमटत. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ सालीच मिळाले होते. तरी ते घराघरांतील संगणकावर सुलभपणे वापरता येण्यास पुढील दशक उजाडले. तोवर अनेक मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर वाचकाला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. यावर तोडगा निघाला पीडीएफचा. फॉन्ट त्यातच बांधलेला असल्याने पान छापल्याप्रमाणे दिसते. मात्र अशा जुन्या पानांत एखादे नाव शोधू गेल्यास संगणकाला ते सापडत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या अंकातील आपल्या धर्मग्रामाची बातमी शोधणाऱ्याला आजही पाने एकामागून एक चाळावी लागतात.

सन २०२०

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या सेवेने इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हॉट्सअॅप गावोगावी गेले. महाराष्ट्रात निर्णायक वळण आले ते चार वर्षांनी. मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात विक्रेत्यांनी वितरण थांबवल्याने मुंबईत छापील दैनिके निघू शकली नाहीत. १८ एप्रिलच्या आदेशाने राज्य शासनाने वृत्तपत्रे छापण्यास मुभा दिली, पण घरोघरी टाकण्यास मनाई केली. टीका होताच काही दिवसांत ती मुंबई-पुणे व प्रतिबंधित क्षेत्रे वगळता शिथिल झाली. पेपर आहे, पण आणणारा नाही, अशी ही स्थिती होती. याच काळात दैनिकांच्या पीडीएफ प्रती भ्रमणध्वनीवरून सर्रास फिरू लागल्या. फुकट मिळालेल्या या प्रतींचा मोबदला कोणालाच मिळत नव्हता. 'दैनिक जागरण'च्या तक्रारीवरून मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला अशा वाहिन्या काढून टाकण्याचा आदेश दिला. एखाद्या मासिकाचा अंक गटावर पुढे ढकलणाऱ्या सद्भावी भाविकानेही हे लक्षात घ्यावे. त्याच्या एका स्पर्शाने अंक शंभर घरी जातो, परंतु वर्गणी एकाच घरातून आलेली असते.

यादी आता कोणाकडे?

छापील युगात यादी संपादकाच्या कपाटात होती. आज वाचक कोण, याची माहिती त्या त्या माध्यमाच्या मालकाकडे असते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आपली क्रमवारी बदलून मित्र-नातलगांच्या मजकुराला प्राधान्य दिले आणि वृत्तपत्रांच्या बातम्या मागे पडल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या कायद्याशी मतभेद झाल्याने मेटा कंपनीने कॅनडातील फेसबुक व इन्स्टाग्रामवरून बातम्याच काढून घेतल्या. वसईहून तेथे गेलेल्या कुटुंबांनाही ते जाणवले असणार. सप्टेंबर २०२३ मध्ये अॅमेझॉनने किंडलवरील नियतकालिकांची वर्गणी-सेवा बंद केली. यांपैकी एकाही निर्णयात संपादकाला विचारण्यात आले नव्हते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, नियतकालिकाने गट, पाने, वाहिन्या जरूर चालवाव्यात, पण वर्गणीदारांची नावे, पत्ते व ई-मेल यांची स्वतःची यादी सोडू नये.

दुसरा प्रश्न वृद्धांचा आहे. मासिकाचे सर्वांत निष्ठावान वाचक साठीच्या पुढचे. ज्यांची दृष्टी मंदावली त्यांना पडद्यावर अक्षर मोठे करता येते, हा मोठाच लाभ. परंतु ज्यांच्याकडे स्वतःचा भ्रमणध्वनी नाही किंवा तो नातवंडांच्या हाती असतो, त्यांच्यासाठी छापील अंक थांबणे म्हणजे मासिकच थांबणे होय. आजाऱ्यांना घरी जाऊन ख्रिस्तशरीर देणाऱ्या सेवकांनी सोबत अंकाची एक प्रत नेली तर त्यासाठी निराळा खर्च येणार नाही. धर्मग्रामाच्या कचेरीत ठेवायला दहा-वीस प्रती पुरतील.

जतनाचा प्रश्नही उरतो. १९५४ च्या कायद्यानुसार व १९५६ च्या दुरुस्तीनुसार छापील नियतकालिकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावी लागते. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्यातही छापील प्रकाशनांचाच विचार आहे. केवळ पडद्यावर निघणाऱ्या अंकाची प्रत कायद्याने कोठेही जमा होत नाही. ती प्रकाशकानेच ठेवायची : एक प्रत युनिकोडमध्ये, एक पीडीएफमध्ये, आणि वर्षाअखेर निदान एक संच कागदावर छापून, बांधून धर्मप्रांताच्या ग्रंथालयात.