जाते, गिरणी आणि पोट

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा वजनाने सुमारे 14 टक्के, खालच्या टोकाला असलेला अंकुर दोन-तीन टक्के आणि उरलेला पिठूळ गर. माणसाला पोसणारा स्टार्च जवळजवळ सगळा गरात असतो. कोंड्यात मुख्यतः चोथा, शिवाय खनिजे आणि ब जीवनसत्त्वे. अंकुरात तेल आणि जीवनसत्त्वे. आतड्यातले पाचक रस चोथा पचवू शकत नाहीत. याच कारणाने शेकडो वर्षे तो निरुपयोगी, गरिबाच्या ताटातला आणि जनावराच्या गव्हाणीतला मानला गेला. दळण्याची पद्धत बदलत गेली तसा चोथा आहारातून कमी होत गेला, आणि त्याचा परिणाम पोटाच्या विकारांत दिसू लागला. हे नाते वैद्यकाला 20व्या शतकात उमगले.

चोथा आणि शौच यांचा संबंध मात्र प्राचीन वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक ग्रंथात कोंड्यासह केलेली भाकर पोट साफ करते आणि चाळलेल्या पिठाची भाकर अधिक पोसते, असा भेद केलेला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धान्यांचे गुण सांगताना जव हा वात आणि मळ वाढवणारा म्हटला आहे. महाराष्ट्रात जव हे फार जुने धान्य आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती सापडली. तिथले मुख्य पीक जवाचे होते आणि धान्य दगडी पाट्यावर रगडले जाई. पुढे फिरते जाते आले आणि दख्खनच्या कोरडवाहू भागात ज्वारी-बाजरीने जवाची जागा घेतली.

ज्वारीचा कोंडा पातळ असतो आणि तो दाण्याला घट्ट चिकटलेला असतो. जात्यावर दळलेल्या पिठात कोंडा आणि अंकुर दोन्ही उतरतात. अंकुरातल्या तेलामुळे असे पीठ लवकर खवट आणि कडू होते, म्हणून लागेल तेवढेच दळण्याची रीत पडली. पहाटेचे दळण हे घरातल्या बाईचे रोजचे काबाडकष्ट होते. त्या कष्टातूनच जात्यावरच्या ओव्या जन्मल्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. या दळणाच्या भाकरीबरोबर पिठले किंवा उसळ, अंबाडी-माठासारखी पालेभाजी, ठेचा, कच्चा कांदा आणि ताक असे. भाकरी, डाळ, भाजी या प्रत्येकातून चोथा पोटात जाई. त्या ताटात तूप-दूध थोडे आणि दुष्काळात भाकरीही अपुरी, पण चोथ्याची उणीव सहसा नसे.

गावोगाव तेलाच्या इंजिनावर आणि नंतर विजेवर चालणारी पिठाची गिरणी आली तेव्हा बायांची मोठी सुटका झाली. या गिरणीतही पीठ दगडाच्या दोन तळ्यांमध्येच दळले जाई, म्हणून चाळणी लावेपर्यंत कोंडा पिठातच राही. खरा बदल वेगळ्या यंत्राने घडवला. 19व्या शतकाच्या मध्याला हंगेरीतल्या गिरण्यांनी दगडाऐवजी लोखंडी रुळांनी गहू फोडायला सुरुवात केली. 1870 आणि 1880च्या दशकांत ही रोलर गिरणी ब्रिटन-अमेरिकेत पसरली. रूळ दाणा उकलतात, कोंडा आणि अंकुर बाजूला काढतात आणि गर वेगळा दळतात. तेल निघून गेल्यामुळे हे पांढरे पीठ महिनोन्‌महिने टिकते, जहाजातून दूर जाते आणि पाव हलका होतो. पूर्वी श्रीमंतांनाच परवडणारा पांढरा पाव कामगाराच्या घरी पोहोचला. भारतात या गिरण्यांचा मैदा आणि रवा आला, आणि त्यातून पाव, खारी, टोस्ट, बिस्किटे, नानकटाई. गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, मात्र कोंडा घातलेली पोई आपल्या भट्टीत टिकवून ठेवली.

पांढऱ्या पिठाला विरोध करणारेही होतेच. रोलर गिरणी येण्यापूर्वीच अमेरिकेत सिल्व्हेस्टर ग्रॅहम यांनी 1837 साली पाव आणि पावाची घडण यावर पुस्तक लिहून न चाळलेल्या पिठाचा आग्रह धरला. त्यांच्या नावाचे पीठ आणि बिस्किटे आजही मिळतात. इंग्लंडमध्ये थॉमस ॲलिन्सन या डॉक्टरांनी तोच पुरस्कार केला. दोघांच्याही म्हणण्यात नैतिक उपदेश आणि वैद्यकीय निरीक्षण यांची सरमिसळ होती. त्यामुळे मुख्य प्रवाहातल्या वैद्यकाने त्यांना छांदिष्ट ठरवून बाजूला सारले.

आहार आणि पोटाचे विकार यांची प्रयोगशाळेत पहिली मोठी सांगड भारतात घातली गेली. रॉबर्ट मॅकॅरिसन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर 1904 ते 1911 या काळात गिलगिट भागात होते. तिथल्या हुंझा लोकांत पोटाचे व्रण, अपेंडिसायटिस, मोठ्या आतड्याचा दाह हे युरोपात रोजचे असलेले आजार त्यांना आढळले नाहीत. पुढे निलगिरीतल्या कुन्नूर येथे त्यांनी प्राण्यांना सदोष आहार देऊन आतड्यांत होणारे बदल तपासले. 1921 साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील व्याख्यानात त्यांनी सदोष अन्न आणि जठर-आतड्यांचे विकार हाच विषय मांडला. भारतातल्या निरनिराळ्या समाजांचे आहार त्यांनी उंदरांच्या गटांना देऊन पाहिले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत चांगले वाढले. त्यानंतर पठाण, त्यानंतर मराठा, आणि सर्वांत शेवटी मद्रासी आहार, ज्यात पॉलिश केलेला तांदूळ मुख्य होता. शीख आहारात अख्ख्या गव्हाच्या पोळीबरोबर दूध, डाळी आणि भाज्याही होत्या. त्यामुळे हे श्रेय एकट्या कोंड्याचे नव्हे. जेवण एकूण कसे आहे, यावर आरोग्य ठरते हा त्याचा अर्थ. कुन्नूरची ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून वाढली.

1941 साली ‘किंग जॉर्ज पाचवा’ या ब्रिटिश युद्धनौकेवर ताजी फळे-भाज्या दुर्मीळ झाल्या आणि खलाशांना बद्धकोष्ठाने ग्रासले. नौकेवरचे डॉक्टर टी. एल. क्लीव्ह यांनी त्यांना कोरडा कोंडा खायला दिला आणि गुण आला. क्लीव्ह यांनी नंतर साखर आणि मैदा यांनाच अनेक आधुनिक आजारांचे मूळ मानणारा सिद्धान्त मांडला. त्यांचे पुस्तक 1966 साली आले.

हा विचार जगभर नेला डेनिस बर्किट यांनी. 1911 साली आयर्लंडमध्ये जन्मलेले हे शल्यविशारद 1946 ते 1966 युगांडात होते. मुलांच्या जबड्यात होणाऱ्या ज्या कर्करोगाचे त्यांनी 1958 साली वर्णन केले, तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. इंग्लंडला परतल्यावर त्यांची क्लीव्ह यांच्याशी गाठ पडली. बर्किट यांचा आफ्रिकेतल्या ग्रामीण रुग्णालयांशी पत्रव्यवहार होता. इंग्लंडमध्ये शल्यविशारदाच्या हाताखाली रोज येणारे अपेंडिसायटिस, मूळव्याध, आतड्याच्या भिंतीला येणाऱ्या पिशव्या आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग हे विकार त्या रुग्णालयांत क्वचितच दिसत.

बर्किट आणि त्यांचे सहकारी ॲलेक वॉकर व नील पेंटर यांनी अन्न आतड्यातून पार व्हायला लागणारा वेळ आणि मळाचे वजन मोजले. 1972 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष आले. युगांडातल्या खेडुतांत अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडे आणि मळाचे रोजचे वजन 400 ग्रॅमच्या वर असे. ब्रिटिश खलाशांत हेच तीन दिवसांहून अधिक आणि 100 ग्रॅमच्या आसपास. भरड अन्नाने मळ मऊ आणि भरपूर होतो, तो पुढे ढकलायला आतड्याला जोर करावा लागत नाही. चोथा नसला की मळ कडक होतो आणि कुंथावे लागते. त्या ताणातून पिशव्या आणि मूळव्याध होतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे सहकारी ह्यू ट्रॉवेल यांनी चोथ्याची वैद्यकीय व्याख्या पक्की केली. 1979 साली बर्किट यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकामुळे हा विषय घरोघरी गेला.

नंतरच्या संशोधनाने या चित्रात दुरुस्त्या केल्या. आफ्रिकेतल्या खेड्यांचा आहार चोथ्याखेरीज इतर अनेक बाबतींतही वेगळा होता, लोकांचे सरासरी वयही वेगळे होते. आतड्यातल्या पिशव्यांचे कारण एवढे सरळ नाही, हे दिसून आले. आतडे चिडचिडे झालेल्या काही रुग्णांना गव्हाच्या कोंड्याने पोटफुगी आणि दुखणे वाढते. त्यांना पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा इसबगोल अधिक मानवतो. गुजरातेत मेहसाणा भागात पिकणारे हे औषध युनानी वैद्यकात आणि घरगुती उपचारांत जुन्या काळापासून आहे. दुसरीकडे, चोथ्याचे एक नवे काम उजेडात आले. मोठ्या आतड्यातले जिवाणू चोथा आंबवतात, त्यातून लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात आणि त्यांतल्या ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. म्हणजे माणसाला न पचणारा हा भाग त्याच्या पोटातल्या जिवाणूंचे अन्न ठरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा खावा असे सांगते.

हे सारे उलगडत होते त्याच काळात महाराष्ट्रात ताट उलट दिशेने बदलत होते. 1964 साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले, उत्पन्न वाढले, पण त्याची भाकरी लोकांच्या पसंतीस उतरली नाही. 1972च्या दुष्काळात आयात केलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन माणसे जगली. पुढे रेशनवर गहू आणि तांदूळ मुख्य झाले, शहराकडे स्थलांतर वाढले, आणि भाकरी गरिबीची खूण मानली जाऊ लागली. रब्बी ज्वारी मुख्यतः सोलापूर-नगर पट्ट्यात टिकली. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. उपवासाचे ताटही बदलले. वरी, राजगिरा, रताळे यांच्या जोडीला आलेल्या साबुदाण्याने बहुतेक जागा व्यापली, आणि साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. शहरात सकाळी चहा-टोस्ट, दुपारी वडापाव, संध्याकाळी बिस्किटे असा दिवस गेला तर चोथा फार थोडा मिळतो.

2023 हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि ज्वारी-बाजरी-नाचणी महागड्या दुकानांत पोहोचल्या. पण भाकरीचे महत्त्व पुन्हा कळायला मोठा खर्च लागत नाही. जात्याचे कष्ट परत आणण्याची तर मुळीच गरज नाही. गिरणीतून न चाळलेले पीठ आणावे, रोज एक उसळ, एक पालेभाजी आणि एक फळ खावे, चोथा हळूहळू वाढवावा आणि त्याबरोबर पाणी भरपूर प्यावे. शौचाच्या सवयीत अचानक बदल झाला, रक्त पडले किंवा वजन घटले तर मात्र आहारावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.

गेल्या दीडशे वर्षांचा हा इतिहास एवढे सांगतो की, यंत्राने कोंडा काढला तो टिकाऊपणासाठी आणि दिसण्यासाठी, पोटासाठी नव्हे. तो ताटात परत आणणे आज प्रत्येक घराच्या हाती आहे.