माकुळाचें बाळपण

जपानच्या होक्काइडो बेटावर हाकोदाते नांवाचें बंदर आहे. उन्हाळ्याच्या रात्रीं तेथील समुद्रावर होड्यांच्या दिव्यांच्या रांगा लागतात. त्या उजेडाच्या ओढीनें येणारा जीव म्हणजे माकूळ. वाळविलेल्या माकुळास जपानी लोकांच्या वाङ्‌निश्चयाच्या आहेरांतही मान असतो. १९६८ सालीं ह्या एकाच जातीचें उत्पन्न जपानला सुमारें ६ लक्ष ६८ हजार टन झालें. पुढें तें उतरत जाऊन १९८६ सालीं एक लक्ष टनांच्याही खालीं गेलें. इतका माकूळ गेला कोठें?

उत्तरासाठीं त्याच्या बाळपणाकडे वळलें पाहिजे. माकुळाचें आयुष्य अवघें एका वर्षाचें. प्रजोत्पादन झालें कीं आईबाप मरतात. म्हणजे दरवर्षीं सारी प्रजा नव्यानें उभी राहावयाची. वडील पिढीची शिल्लक गांठीस नसते.

१९०३ सालीं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कून ह्यानें अशा माकुळांच्या एका चमत्कारिक बालरूपाचें वर्णन केलें. त्याचे दोन लांब बाहु सोंडेसारखे जुळलेले असतात व वाढतांना ही सोंड दुभंगते. परंतु अंडीं समुद्रांत कशीं असतात, हें दीर्घकाळ गूढच राहिलें. १९९० नंतर होक्काइडो विद्यापीठाचे यासुनोरी साकुराई व त्यांचे सहकारी ह्यांनीं हौदांत माकूळ पाळून त्याचा बराच उलगडा केला. मादी पारदर्शक, बुळबुळीत गोळा सोडते. त्याचा व्यास ८० सेंटिमीटरांपर्यंत भरतो व आंत दोन लक्षांपर्यंत अंडीं असतात. हा गोळा इतका नाजूक कीं जाळ्याचा स्पर्श होतांच तो विरावा. थोड्याच दिवसांत मिलिमीटरभर लांबीचीं पिलें बाहेर पडून पृष्ठभागाकडे निघतात. पाण्याची ऊब साधारण १९ ते २३ अंश सेंटिग्रेड असेल, तर तीं उत्तम तगतात.

येथेंच कोड्याची किल्ली आहे. १९७६ नंतर तेथील समुद्र थंडावला आणि पूर्व चीन समुद्रांतील हिवाळी प्रजननक्षेत्र आकसलें. १९८९ च्या सुमारास ऊब परतली, आणि पुढील दशकांत होड्या पुन्हां भरूं लागल्या. १९९८ पासून जपाननें पकडीवर वार्षिक मर्यादाही घातली. तरीही २०१६ पासून उत्पन्न पुन्हां कोसळलें.

मर्यादा होड्यांस घालतां येते, समुद्राच्या उबेस नव्हे. म्हणूनच वाईट वर्षीं अंडीं घालण्यापुरते माकूळ समुद्रांत राहूं देणें, एवढेंच मनुष्याच्या हातीं उरतें. ज्या प्राण्यास दुसरें वर्ष नाहीं, त्याची पुढची पिढी ह्याच वर्षाच्या संयमावर अवलंबून असते.