फ्रिज आपल्या दारापर्यंत कसा आला

उन्हाळा लागला की गटाच्या बैठकीत एक अर्ज हमखास येतो, "ताई, फ्रिजसाठी कर्ज पाहिजे." मग कुणी म्हणतं, ही काय चैन आहे? दुसरी म्हणते, चैन कशाची? सकाळचं दूध दुपारपर्यंत नासतंय, ते कोण भरून देणार? हा वाद मिटवायला मी आलेली नाही. आज मी फ्रिजची गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत आपल्या मराठवाड्यातल्या बायाही आहेत.

सुरुवात आपल्या माठापासून करू. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ती आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होतं. फ्रिजमध्येही असंच घडतं. फरक इतकाच की त्यात पाण्याऐवजी एक वायू असतो. तो नळीतून फिरतो, आतली उष्णता ओढून घेतो आणि फ्रिजच्या मागं बाहेर सोडतो. वायूला दाबून फिरवत ठेवणारं यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. फ्रिज मधूनमधून घुंऽ करतो, तो आवाज त्याचाच.

यंत्रं यायच्या आधी मुंबईत बर्फ कुठून यायचा, माहीत आहे? अमेरिकेतून! तिकडं हिवाळ्यात तळी गोठतात. तो बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजात भरायचे. १८३३ साली असं पहिलं जहाज कलकत्त्याला लागलं आणि त्यानंतर मुंबईलाही बर्फ येऊ लागला. अर्धी पृथ्वी पार करून आलेला तो बर्फ साहेबांच्या आणि शेठजींच्या ताटात जायचा. गरिबाघरी माठच होता. पुढं बर्फाचे कारखाने निघाले आणि जहाजाचा बर्फ बंद झाला.

आता फ्रिजच्या कारखान्याकडं येऊ. अर्देशिर गोदरेज हे मुंबईचे पारशी गृहस्थ. ते वकिली शिकले, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही. १८९७ साली त्यांनी लालबागला एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. त्या काळी चांगलं कुलूप म्हणजे विलायती, असाच समज होता. पुढं त्यांचे भाऊ पिरोजशा सोबत आले. कुलपांनंतर तिजोऱ्या, साबण आणि लोखंडी कपाटं आली. आपल्याकडं कपाट कोणत्याही कंपनीचं असो, कितीतरी घरांत त्याला "गोदरेज"च म्हणतात. देशाच्या पहिल्या निवडणुकीसाठी लाखो मतपेट्याही याच कंपनीनं विक्रोळीच्या कारखान्यात बनवल्या. त्यानंतर १९५८ साली गोदरेजनं अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या मदतीनं भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली.

दुसरा एक कारखाना आपल्याला जुन्या नात्यानं जवळचा. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात, हैदराबादला, १९४२ साली ऑल्विन कंपनी उभी राहिली. तिथं बसचे सांगाडे आणि लोखंडी सामान बनायचं आणि पुढं ऑल्विनचे फ्रिजही निघाले. पण कारखाना मुंबईचा असो की हैदराबादचा, फ्रिज गेला तो शहरातल्या पगारदाराच्या घरी. खेड्यात वीजच नव्हती, तर फ्रिज घेऊन करायचं काय?

म्हणजे कारखाने निघून पन्नास वर्षं होत आली, तरी खेड्यातल्या बाईला तुला कसला फ्रिज पाहिजे, असं कुणी विचारलं नव्हतं. ते विचारलं गेलं २००८ साली, आपल्या मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवला. गोदरेजच्या लोकांनी तिथं सहाशेहून जास्त महिलांना एकत्र बोलावलं. नमुने पुढं ठेवले आणि काय हवं, काय नको ते विचारलं. मोठ्या फ्रिजमध्ये भरायला सामान नाही, वीज जाते-येते, घर लहान, अशा अडचणी लक्षात घेऊन एक वेगळंच यंत्र तयार झालं. त्याचं नाव छोटूकूल. रंगही बायांच्या पसंतीचा, लालभडक.

छोटूकूल म्हणजे पेटीसारखा फ्रिज, वजन आठ किलोच्या आत. एकटी बाई सहज उचलून नेईल असा. झाकण वरच्या बाजूला, कारण गार हवा जड असते. दार समोर असलं की उघडताच ती खाली सांडते, झाकण वर असलं की आतच राहते. त्यात कॉम्प्रेसर नाही. विजेवर चालणारी एक चकती असते, तिची एक बाजू गार होते आणि दुसरी गरम. ही युक्ती फ्रान्सच्या पेल्तिए यांनी १८३४ सालीच शोधली होती. वीज गेली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवरही तो चालायचा. किंमत होती तीन हजार अडीचशेच्या आसपास. आणि तो विकायचा बेत होता बचत गटातल्या बायांच्या हातून!

मग आज तो आपल्या घरोघरी का दिसत नाही? खेड्यात तो म्हणावा तसा खपला नाही. पुढं तो शहरात, छोट्या दुकानांत आणि गाडीतून प्रवास करणाऱ्यांकडं जास्त गेला. माझ्या मते कारण सोपं आहे. त्यात बर्फ होत नव्हता. आणि रोजंदारीवर जगणाऱ्या घराला तीन हजारही थोडे नव्हते. ज्यांच्याकडं तेवढे होते, त्यांनी विचार केला, आणखी थोडे साठवू आणि मोठाच घेऊ. गरिबाला स्वस्त वस्तू लागते हे खरं. पण "गरिबांची वस्तू" दारात ठेवायला कुणालाच आवडत नाही.

तरीही ती बैठक वाया गेली असं मी म्हणणार नाही. हलकं करा, वीज गेली तरी चालू द्या, हे बोलणं कारखान्यापर्यंत पोचलं आणि त्याची वस्तू झाली. शाळा किती शिकल्या हे तिथं कुणी विचारलं नाही. घर चालवण्याचा अनुभव हेच त्या बायांचं शिक्षण.

म्हणून पुढच्या वेळी फ्रिजचा अर्ज आला की आधी चैन की गरज हा वाद घालू नका. ताईला तीन गोष्टी विचारा. त्यात काय ठेवणार? दूध-दही, खवा विकायचा असेल किंवा घरात कुणाचं इन्सुलिन असेल, तर तो फ्रिज कमावतो किंवा जीव सांभाळतो. दुसरं, गावात वीज किती तास असते? आणि तिसरं, हप्त्यासोबत दर महिन्याचं बिल कोण भरणार? दुकानात गेलात तर फ्रिजवरचे स्टार बघा. त्याच मापाच्या फ्रिजला स्टार जास्त, तर बिल कमी.

आणि उद्या एखादी कंपनी, एखादं खातं तुमच्या गावात विचारायला आलं, तर लाजून मागं बसू नका. काय हवं ते सांगा, आणि काय परवडत नाही तेही स्पष्ट सांगा. येते मैत्रिणींनो, नमस्कार.