‘पायऱ्यां’तला अर्धा र : एका प्रमाणकाची कुळकथा

‘पाथर्डी’ हे नाव लिहिताना अर्धा र ‘ड’च्या डोक्यावर चढतो. हा रफार. याच तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या समाधीकडे ज्या ‘पायऱ्या’ चढून जायच्या, त्या शब्दातला अर्धा र मात्र डोक्यावर जात नाही. तो ‘य’ला डावीकडून, आडव्या पापणीसारखा चिकटतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोडकऱ्यांची यादी असो की कोरडवाहू शेतकऱ्यांचा अर्ज, हा दुसरा अर्धा र पावलोपावली लागतो.

ही दोन रूपे नुसत्या वळणाची हौस नाहीत. रफार आधीच्या अक्षरावर आघात देतो, पापणीसारखा र तसा देत नाही. म्हणून ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या घळी. ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही. मराठीला, कोकणीला आणि नेपाळीला पडते. संगणकातल्या या पापणीसारख्या र च्या साऱ्या अडचणींचे मूळ इथे आहे: देवनागरीचे नियम अनेक भाषांसाठी एकत्र ठरतात, आणि हा र त्यांतल्या काहींचाच आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात जुळाऱ्यापुढे प्रश्न सोपा होता. घरात तो खिळा असला की उचलून लावायचा. पुढे डीटीपी आले, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गावोगावच्या छापखान्यांत पोहोचली, तेव्हाही प्रत्येक फॉन्टमध्ये या आकाराला एक जागा असे. पण एका फॉन्टमधली जागा दुसऱ्याशी जुळत नसे. फॉन्ट बदलला की मजकूर वाचता येत नसे. आकाराला घर मिळाले होते, पण त्या घराचा सर्वमान्य पत्ता नव्हता.

तो पत्ता देण्याचे काम इस्की या भारतीय संकेतप्रणालीने केले. कानपूरच्या आयआयटीत जिस्ट या भारतीय लिपींच्या तंत्रज्ञानाचे काम सुरू झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. १९८८ साली इस्कीचा सुधारित आराखडा झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने आयएस १३१९४ म्हणून तो प्रमाण केला. त्यात ‘ऱ’ला, म्हणजे खाली टिंब असलेल्या र ला, स्वतंत्र जागा होती. या ‘ऱ’ला हलन्त जोडले की पापणीसारखा अर्धा र उमटावा, असा नियम ठरला. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, हा ‘ऱ’ मिळतो तो त्यासाठीच.

युनिकोड या जगभरच्या लिपींच्या सामाईक प्रमाणकाने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून उचलली. ‘ऱ’ला ०९३१ हा क्रमांक मिळाला. त्याच्यापुढची टीप मात्र सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहून दाखवण्यासाठी आहे. मराठीचा अर्धा र असा दुसऱ्याच्या घरात राहायला गेला. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्यासाठी वेगळीच वाट होती: साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. त्यानंतर प्रमाणकात इस्कीशी सुसंगत असा ‘ऱ’चा नियम आला. जुनी वाट मात्र बंद झाली नाही. ‘दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून’ ती पोटनियम होऊन आजही नांदते आहे.

ती बंद का केली नाही, याचे उत्तर कोरियन लिपीत सापडते. त्याच १९९६ च्या आवृत्तीत कोरियन अक्षरसमूह जुन्या जागांवरून हलवले गेले आणि ११,१७२ अक्षरे नव्या जागी मांडली गेली. आधीच्या क्रमांकांनी साठवलेला मजकूर त्यामुळे निरर्थक झाला. तेव्हापासून युनिकोडने स्वतःला एक बंधन घालून घेतले: एकदा प्रसिद्ध झालेले अक्षर हलवायचे नाही, काढायचे नाही. पुढे अक्षरक्रमांच्या समानतेलाही तसेच बंधन आले. कोणते दोन क्रम एकच मानायचे, हे एकदा ठरले की कायमचे.

या बंधनाची किंमत आपण रोज मोजतो. ‘र’ अधिक खालचे टिंब आणि ‘ऱ’ हे प्रमाणकाच्या दृष्टीने एकच आहेत. पण जोडचिन्हाने लिहिलेला अर्धा र आणि ‘ऱ’ने लिहिलेला अर्धा र एक नाहीत. पडद्यावर दोन्ही ‘पायऱ्या’ अगदी सारख्या दिसतात, पोटात मात्र त्या वेगळ्या असतात. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मुद्दाम सोय केली नसेल, तर एका पद्धतीने नोंदवलेला ‘कऱ्हाडे’ दुसऱ्या पद्धतीने शोधून सापडत नाही. सरकारी यादीत नाव असूनही ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळू शकते, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाला त्याचे कारण दिसत नाही.

‘ॲ’ची गोष्ट याच घराण्यातली. ‘बॅट’ लिहिता येत होते, पण ‘ॲप’साठी ‘अ’वर चंद्र ठेवून वेळ भागवावी लागे. कित्येक यंत्रांवर मध्येच तुटक रेषेचे वर्तुळ उमटे. २००८ च्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला ०९७२ ही स्वतःची जागा मिळाली. महाराष्ट्राच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेतही तो रीतसर आला. त्याआधी लिहिलेला ‘अ’ अधिक चंद्र मात्र त्याच्याशी समान ठरला नाही. दोन वाटा इथेही राहिल्या.

म्हणूनच आज एखादे अक्षर मान्य होण्याची वाट लांब आहे. आधी प्रस्ताव लागतो, त्यात छापील पुराव्यांचे नमुने, अक्षराचे गुणधर्म, वर्णक्रमातली जागा. लिपीच्या जाणकारांचा गट तो तपासतो, मग तांत्रिक समिती ठराव करते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे १०६४६ हे जोडीचे प्रमाणक आहे, तिथे देशोदेशीच्या मानक संस्था मतदान करतात. त्यानंतर मसुदा जगापुढे ठेवून हरकती मागवल्या जातात आणि मगच आवृत्ती निघते. शिवाय ती निघाली म्हणजे अक्षर पाथर्डीच्या फोनवर उमटले असे नव्हे. फॉन्टच्या प्रमाणकात नियम हवा, हार्फबझसारख्या मुक्त स्रोत आज्ञावलीने तो पाळायला हवा, लोहित किंवा मुक्तासारख्या मुक्त फॉन्टमध्ये आकार हवा आणि कळफलकावर कळ हवी. यातल्या प्रत्येकाची आवृत्ती वेगळी आणि ती मंजूर करणारे हातही वेगळे.

ही वाट झटपट पार झाल्याचे एक उदाहरण आहे. मुंबईच्या आयआयटीचे डी. उदय कुमार यांनी काढलेले रुपयाचे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० ला स्वीकारले आणि त्याच ऑक्टोबरात निघालेल्या युनिकोड ६.० मध्ये ते होतेसुद्धा. ते शक्य झाले, कारण चिन्ह नवे होते. त्याच्या मागे लिहिलेला जुना मजकूर नव्हता, ते कुठल्या अक्षराला जोडायचे नव्हते, आणि देशाचे सरकार त्याच्या पाठीशी उभे होते. अर्ध्या र कडे यातले काहीच नव्हते. त्याच्या मागे पिढ्यांचे लेखन होते आणि तो नेहमीच कुणाला तरी जोडून येणारा.

तपासणीच्या या पायऱ्यांना दिरंगाई म्हणणे मला मान्य नाही. जे मागे घेता येत नाही, ते सोडण्याआधी दहा जणांनी पाहिलेच पाहिजे. खंत आहे ती वेगळी. हरकती मागवल्या जातात, तेव्हा मराठीतून किती जण बोलतात? मुंबईतल्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत र. कृ. जोशींनी विंडोजसाठी मंगल हा फॉन्ट घडवला, तेव्हा सुलेखनकाराची नजर थेट यंत्रापर्यंत पोहोचली. तशी नजर नियम ठरतानाही हवी. दोन वाटांपैकी कोणती धरायची, याची दिशा मात्र एका नियमाने दिलीच आहे: इंटरनेटच्या अगदी वरच्या पातळीवरच्या नावांत अदृश्य जोडचिन्हाला परवानगी नाही, त्यामुळे तिथे ‘ऱ’चीच वाट उरते. आपणही ती एकच वाट धरावी. शासनाच्या याद्या, पाठ्यपुस्तके आणि वर्तमानपत्रे यांनी अर्धा र ‘ऱ’नेच लिहावा, आणि शोधयंत्रणांनी जुनी वाटही ओळखावी. प्रमाणकातल्या दोन वाटा आता कुणीच पुसू शकत नाही. लिहिणाऱ्यांचा रिवाज एक करणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कुणाच्याही मंजुरीची गरज नाही.